पान कोण कातरतं?

मेलेल्या माणसाचे डोळे उघडून द्यायचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. आमच्या रत्नागिरीत त्या काळी फोटोवाल्याला बोलावणं यायचं ते लग्न उरकल्यावर, नाहीतर माणूस गेल्यावर. लग्नाचा सोडला, तर जिवंतपणी फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी पुष्कळांची समजूत. मग म्हातारा गेला की घरच्यांना आठवण व्हायची आणि गडी धावत रामआळीत माझ्या दुकानी यायचा. गेलेल्याला भिंतीशी टेकवून बसवायचं, पगडी घालायची, फोटो काढायचा आणि दुकानी आल्यावर, फिल्मऐवजी तेव्हा जी काच असे तिच्यावर बारीक पेन्सिलीने मिटल्या पापण्यांच्या जागी डोळे काढायचे. माझे डोळे चांगले वठत. एका घरी थोरल्या सुनेने सासऱ्यांचा फोटो पाहताच पदर पुढे ओढून घेतला होता. त्याहून मोठी शाबासकी मला त्या धंद्यात मिळाली नाही.

देवीचे व्रण पुसणे, टकलावर केस आणणे हीही कामं रोजचीच. जयगडच्या एका तांडेलाला आपल्या गलबतासकट फोटो हवा होता आणि गलबत तर मुंबईला गेलेलं. मी मागच्या पडद्यावर गलबत रंगवलं. तो आला, पडद्यापुढे उभा राहिला आणि डोलकाठी चुकीच्या जागी आहे म्हणून त्याने मला सगळं पुन्हा रंगवायला लावलं. अशी गिऱ्हाइकं. थोडक्यात, जे नाही ते दाखवायचं आणि जे आहे ते झाकायचं, ही माझी कला होती आणि तिचा मला अभिमान होता. म्हणूनच पावस गावच्या किड्याची हकीकत लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. चैत्र नुकता लागला होता. लेले मास्तर दुकानात आले. हे हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अंगात साधा कोट, खिशात कायम एक भिंग. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला. आत आंब्याची सात-आठ कोवळी पानं होती, तांबूस पालवीची. प्रत्येक पान देठापासून बोटभर अंतरावर आडवं तोडलेलं, शिंप्याने कातरीने कापावं इतकं सरळ.

"हे कोणी केलं असेल?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हणालो, कातर घेऊन कुणीतरी बसलेलं दिसतंय.

"सगळं पावस तेच म्हणतंय," मास्तर म्हणाले. "आणि त्यापायी एका बाईला फौजदारापुढे उभी करायला निघालेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पावसला त्यांचे शाळासोबती अण्णा केतकर यांची बाग. अण्णांनी मुंबईची नोकरी सोडून उघड्या कातळावर कलमं लावली होती. सुरुंगाने खड्डे फोडायचे, लांबून माती वाहून आणून भरायची आणि तीन उन्हाळे घागरीने पाणी घालायचं, असं केलं तेव्हा ती जगली. त्या बागेत पारू नावाची एक कुणबी बाई पातेरा गोळा करायला येई. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला पालापाचोळा. आमच्याकडे तो पाणी तापवायला आणि शेत भाजायला लागतो. आदल्या वर्षी तिची आणि अण्णांची जळणाच्या वाळलेल्या फाट्यांवरून बोलाचाली झाली. पुढच्याच आठवड्यात कलमांची नवी पालवी कातरून खाली पडू लागली. अण्णांनी दोन आणि दोन चार केले. गावकी बसली आणि पारूने कुणाच्याही बागेत पाय ठेवायचा नाही असं ठरलं. ती वर्षभर रस्त्याची खडी फोडत होती. कुणी तरी मुंबईला गिरणीत कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याला कळवलं आणि त्याचं पत्र आलं, हे खरं का म्हणून. आणि यंदा पालवी आली तशी गेल्या वर्षाच्या कितीतरी पट पानं खाली. सूड उगवायला ती चोरून येते, अशी अण्णांची खात्रीच झाली.

"माझ्या मते हा किडा आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी मला भिंगातून पानाची मधली शीर दाखवली. तिच्यावर ओळीने बारीक टिपके होते, सुईने टोचल्यासारखे. त्यांनी बागेत एक भुंगाही पकडला होता. काचेच्या बाटलीत तो मरून पडला होता. तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, पुढे सोंड.

मी म्हणालो, मग हाच दाखवा की अण्णांना.

"दाखवला. ते म्हणाले, बागेत किडे हजार असतात. हा कातरताना दाखव. गावकीची माणसं झाडाखाली जमली की तो पटकन खाली पडतो, दिसेनासा होतो. एवढासा जीव दहा जणांनी एकदम बघायचा कसा? फोटो पाहिजे. मोठा."

तोवर मी माणसाहून लहान कशाचाही फोटो काढला नव्हता. पण त्या सरळ कातरलेल्या पानांनी मलाही खूळ लावलं. एवढासा किडा, त्याला सरळ रेघ कोणी शिकवली?

दुसऱ्या दिवशी गड्याच्या डोक्यावर सामान देऊन आम्ही भाट्याच्या खाडीवर तरीच्या होडीत बसलो आणि पुढे बैलगाडीने पावसला गेलो.

लहान वस्तूचा फोटो काढायचा म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. कॅमेऱ्याला पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मधे पेटीच्या भात्यासारखा कातडी भाता. भाता जितका लांब ओढावा तितकी वस्तू मोठी दिसते, पण तितकाच उजेड कमी पडतो. मी लहान कॅमेऱ्याचं भिंग पुठ्ठ्यात बसवून माझ्या मोठ्या कॅमेऱ्याला लावलं आणि भाता शेवटपर्यंत ताणला. दुधी काचेवर मुंगी बोटाएवढी दिसू लागली, उलटी. पण एवढ्या जवळून पाहताना भिंगाची नजर फार अरुंद होते. मुंगीचं डोकं स्पष्ट दिसलं तर पाय धुरकट. वाऱ्याची झुळूक आली की पान काचेबाहेरच जाई. आणि उजेड इतका थोडा की भर उन्हातसुद्धा दोन-तीन सेकंद भिंग उघडं ठेवावं लागे. एवढा वेळ किड्याने हलायचं नाही!

त्यात रंगाचीही अडचण. त्या काळच्या काचांना तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून तर आम्ही काळोख्या खोलीत तांबडा कंदील लावून काम करू शकत होतो. पण त्यामुळे तांबूस पालवी फोटोत काळी येई, आणि काळ्या पानावर तपकिरी भुंगा म्हणजे शाईवर शाई.

दोन दिवस मी बागेत उन्हात उभा होतो. पानावर भुंगा दिसायचा. मी डोक्यावर काळं कापड घेऊन काच बघायला लागलो, की कापडाची सावली हलायची आणि भुंगा पाय आखडून खडा पडावा तसा टपकन खाली. दिवसाकाठी चार काचा वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी मास्तरांना ऊन लागलं आणि ते अण्णांच्या ओटीवर ओलं फडकं कपाळावर ठेवून निजले. गावकी दोन दिवसांनी बसणार होती. बागेत मी एकटाच होतो आणि मास्तरांची ती बाटली माझ्यापाशी होती.

मी तेच केलं जे वीस वर्षं करत आलो होतो. मेलेल्या भुंग्याचे पाय सुईने सरळ केले. पोपटी झालेलं एक कोवळं पान निवडलं, माझ्या कागद कापायच्या कातरीने ते अर्ध्यापर्यंत आडवं कातरलं आणि कापाच्या टोकाशी डिंकाच्या थेंबावर भुंगा बसवला. दाढीच्या आरशाने मागून उजेड टाकला. फोटो असा आला की सोंडेवरची लव मोजून घ्यावी. रत्नागिरीला जाऊन, काळोख्या खोलीच्या खिडकीतल्या भोकातून येणाऱ्या उन्हावर तो हातभर मोठा केला. मास्तरांना मी सांगितलं, नशीब उघडलं, मिळाला एकदाचा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

गावकी देवळाच्या सभामंडपात सकाळी बसली. पंधरा-वीस माणसं. खांबापलीकडे, पायरीच्या खाली पारू उभी होती. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीची, काटक, हातांना खडी फोडून घट्टे पडलेले. मास्तरांनी फोटो उभा केला आणि शाळेत शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं. मादी पानाच्या शिरेत अंडी घालते, मग पान कातरते, पान जमिनीवर पडतं आणि अळी त्या पडलेल्या पानात वाढते. माणसं फोटोच्या अगदी जवळ येऊन बघत होती. एक म्हातारा भुंग्याच्या पाठीवरून बोट फिरवून आला. अण्णांचा चेहरा सैल पडत चाललेला मला दिसत होता.

मग कुणीतरी म्हणालं, पारूलाही दाखवा, तिच्यापायीच चाललंय हे. तिने वर येऊन फोटो पाहिला. आधी पानाची कड पाहिली, मग भुंगा, मग पुन्हा कड.

"ह्यो मेलेला हाय," ती म्हणाली. "आनि ही कड किड्याची न्हाय. ही कातरीची हाय."

पहिले बोलले ते अण्णाच. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ऐका सगळ्यांनी, कातरीची कड कशी दिसते ते हिला बरोबर माहीत आहे.

पारूला आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. ती एवढंच म्हणाली की किडा कातरतो, हे ती गेल्या वर्षी पहिल्या दिवसापासून सांगत होती आणि गावकी हसली होती. किडा कातरतो हे खरं, आणि हा फोटो खोटा, हेही खरं.

लेले मास्तर माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. गणित चुकलेल्या हुशार मुलाकडे बघावं तसं. मी उठलो. आजवर माझ्या हातची लबाडी कुणी ओळखली नव्हती, आणि ओळखली ती अशा बाईने, जिची सुटका त्या लबाडीवरच होणार होती.

मी म्हणालो, "कातर माझी होती. बाई खरं बोलतायत. भुंगा मेलेला होता, पान मी कातरलं."

गलका झाला. कुणी म्हणालं मास्तरांनी शहरातून भाडोत्री माणूस आणला, कुणी म्हणालं फौजदारालाच बोलवा. गावकीचा मानकरी वयस्कर आणि शांत डोक्याचा होता. त्याने सगळ्यांना खाली बसवलं आणि मला विचारलं, खरा फोटो काढता येतो की नाही? मला ठाऊक नाही, असं मी म्हणालो. त्याने आठ दिवसांची मुदत दिली, आणि तेवढ्यापुरती पारूला बागेत जायची परवानगी. अण्णा म्हणाले, मीही हजर असणार, कातर कुणाच्या हातात जाते ते मी बघणार.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना आम्ही बागेत गेलो. मी पारूची माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "फोटूवाले, आदी तो काळा पदर सोडा." म्हणजे माझं काळं कापड. मग तिने मला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. भुंग्याला माणसाची भीती नाही, हलणाऱ्या सावलीची आहे. म्हणून उन्हाच्या विरुद्ध बाजूला बसायचं आणि बसलं की बसायचं. आधी भुंगा शोधायचा नाही, पान शोधायचं. ज्याच्या शिरेवर टिपक्यांची ओळ भरत आली आहे, ते पान आता कातरलं जाणार. भुंगा एका कडेने सुरू करतो, मधल्या शिरेशी थांबतो, पलीकडची बाजू कातरतो आणि शीर शेवटी. ऊन तापलं की काम बंद करतो.

हे तिला कसं ठाऊक, असं मी विचारलं. पातेरा गोळा करताना पान अंगावर पडलं, वर बघितलं, असं ती म्हणाली. मग रोज बघायची सवय लागली. "एवडुसा जीव. येवडं मोठं पान. बगावंसं वाटतं."

तिने एक पान दाखवलं, तांबूसपणा जाऊन पोपटी झालेलं. भुंगा शिरेवर टिपके देत होता. मी हळूहळू कॅमेरा लावला, आणि भुंगा नव्हे तर तो जिथे कातरायला येणार ती जागा दुधी काचेवर स्पष्ट करून घेतली. कापडाऐवजी काचेभोवती पुठ्ठ्याची नळी धरली. वारा अडवायला पारू आणि गडी एक धोतर ताणून उभे राहिले. अण्णा बागेच्या दगडी गडग्यावर बसले होते. मग काच भरली आणि वाट पाहिली.

भुंगा कडेशी आला तेव्हा माझा श्वास आपोआप थांबला. सोंड पानात घालून तो मान इकडून तिकडे हलवत होता. पुढे एक कणभर सरकायचा, पुन्हा थांबायचा. त्या थांबण्यातच भिंग उघडायचं होतं. पारू धोतराच्या कडेवरून बघत हलक्या आवाजात सांगत होती, आता थांबेल, आता. मी तीन काचा उघडल्या. एक सुरुवातीची, एक मधल्या शिरेशी, आणि एक पान नुसतं शिरेच्या धाग्यावर लोंबत असतानाची. मग पान सुटलं आणि भिरभिरत खाली गेलं. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. मी आयुष्यात पुष्कळ लग्नं पाहिली, पण एवढं लक्ष देऊन काहीच पाहिलं नव्हतं.

मागे वळलो तर अण्णा गडग्यावरून उतरून माझ्या पाठीशी उभे होते. केव्हा आले, मला कळलंही नव्हतं. ते वाकले, पडलेलं पान उचललं आणि घरी घेऊन गेले.

काचा धुवायला मी रत्नागिरीपर्यंत थांबू शकलो नाही. केतकरांच्या घरी बाळंतिणीची काळोखी खोली होती, तिथेच बसलो. चैत्रातलं पाणी इतकं कोमट असतं की काचेवरचा थर मऊ होऊन सुटतो. विहिरीचं ताजं पाणी, त्यात तुरटी, असं सगळं करूनही मधली काच हातातच गेली. थर साईसारखा सरकला आणि भुंगा घेऊन पाण्यात गेला. उरल्या दोन. त्यांतल्या शेवटच्या काचेवर भुंग्याचा मागचा पाय धुरकट आला होता, कारण तो हलला होता. दुसऱ्या कुठल्या काचेवर मी तो पाय पेन्सिलीने नीट केला असता.

गावकी पुन्हा बसली तेव्हा मी दोन्ही फोटो शेजारी उभे केले, खोटा आणि खरा. कातरीची कड सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत होती. किड्याच्या कडेला बारीक दाते होते, करवतीसारखे. मास्तर काही समजावून सांगायला उठणार, तेवढ्यात अण्णांनी पोथीच्या फडक्यात बांधलेली पानं काढली. गेल्या वर्षी पुरावा म्हणून त्यांनी जपून ठेवलेली, वाळून तपकिरी झालेली. त्यांनी मास्तरांचं भिंग मागून घेतलं आणि एकेक पान पाहिलं. सगळी पाहिली.

मग ते पारूकडे वळून म्हणाले, "चूक माझी झाली. वर्षभर झाली."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "माज्या घरवाल्याला तसं लिवा."

अण्णांनी तिथेच बसून पत्र लिहिलं आणि गावकीसमोर वाचून दाखवलं.

यातली खरी मेख मास्तरांनी नंतर उलगडली. अळी वाढते ती खाली पडलेल्या पानात. पारू रोज पातेरा झाडून नेऊन जाळत होती, तोवर किडा ताब्यात होता. तिला बंदी झाली, पानं झाडाखाली तशीच राहिली आणि पुढच्या पालवीला भुंगे कित्येक पटींनी वाढले. बागेवरचा इलाज तीच होती आणि अण्णांनी तोच बागेबाहेर काढला होता. त्या वर्षीपासून ती पुन्हा पातेरा नेऊ लागली. दोन-तीन पालव्यांत कातरलेली पानं दिसेनाशी झाली. मालगुंडपर्यंतच्या बागायतदारांनी तोच उपाय धरला.

त्यानंतर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मी दुकान आठ-पंधरा दिवस बंद ठेवू लागलो आणि बागांतून हिंडलो. तोंडातल्या धाग्याने पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या, पानावरच्या गाठी, पारदर्शक पंखांचे तुडतुडे. गिऱ्हाइकं म्हणत, याला उन्हाळा बाधतो. मेलेल्यांचे डोळे मात्र मी तेव्हापासून उघडले नाहीत. मिटलेलेच चांगले दिसतात असं सांगायचो. पुष्कळांनी ऐकलं, काही दुसऱ्या दुकानी गेले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मास्तरांनी पुढे बागायतदारांसाठी एक छोटी पुस्तिका छापली. मजकूर त्यांचा, फोटो माझे. आत दोघांची नावं ठळक. मी एक प्रत घेऊन पारूकडे गेलो. तोवर तिचा नवरा गिरणी सोडून घरी आला होता. त्याने खळ्यात बसून ती तिला अक्षर लावत वाचून दाखवली. आधी पान शोधावं, सावली हलू देऊ नये, शीर शेवटी तुटते, पातेरा जाळावा. ती मन लावून ऐकत होती, मधूनच मान डोलवत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "हे कुणी सांगितलं, ते लिवलंय का?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, राहून गेलं, पुढच्या छपाईला घालू. पुढची छपाई झाली नाही. मास्तर गेले, अण्णा गेले, आणि तीही गेल्याचं मला पावसच्या एका माणसाकडून उशिरा कळलं.

तिचं पूर्ण नाव पार्वती धोंडू गोताड. आमच्या भागात पान कातरणारा किडा पहिल्यांदा तिने पाहिला.